चवरीचा फटका आणि गव्हाची उधारी

रविवारच्या पुरवण्या, स्पर्धापरीक्षांसाठीची सामान्यज्ञानाची पुस्तके आणि प्रवासी कंपन्यांची गुळगुळीत पत्रके यांतून परदेशांविषयी ‘मनोरंजक माहिती’ पुरविण्याचा एक धंदा गेली कित्येक वर्षे बिनबोभाट चालू आहे. उत्तर आफ्रिकेतील अल्जेरिया हा देश या धंद्याच्या विशेष आवडीचा दिसतो. २०११ साली सुदानची फाळणी झाल्यापासून अल्जेरिया हा आफ्रिका खंडातील सर्वात विस्तीर्ण देश ठरला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २३ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर, आणि त्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग सहारा वाळवंटाने व्यापलेला. ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन याच भूमीत जन्मला. ‘डॉन किहोटे’चा कर्ता सर्व्हांटीस अल्जीअर्समध्ये पाच वर्षे कैदेत होता. मुस्लिम बहुसंख्य असलेला हा देश एके काळी जगातील सर्वात मोठा मद्यनिर्यातदार होता. आणि फ्रान्सने हा देश जिंकला तो कशावरून, तर तेथील राज्यकर्त्याने फ्रेंच वकिलाला माशा वारण्याच्या चवरीने फटका मारला म्हणून! वाचकाने हसावे, तोंडात बोट घालावे आणि पान उलटून शब्दकोड्याकडे वळावे.

यातील एकही विधान खोटे नाही. खोटे असते तर ते खोडून काढता आले असते. परंतु दुकानदाराच्या खतावणीतून एकेक पान फाडून त्यावरील आकडे सुटे सुटे वाचून दाखवावेत, आणि येणे कोणाचे व देणे कोणाचे याचा मात्र ऐकणाऱ्याला पत्ता लागू देऊ नये, तसा हा प्रकार आहे. ज्यांना हिशेब मांडायचा आहे त्यांनी खतावणी सलग वाचली पाहिजे. तीत स्वतःच्या नावावर काही रकमा निघाल्या तरीही. अल्जेरियाच्या बाबतीत कम्युनिस्टांच्या नावावर अशा रकमा निघतात. त्याविषयी पुढे येईलच.

वस्तुतः मराठी वाचकाला हा देश तितकासा परका वाटू नये. अल्जेरिया हे नाव ‘अल्-जझाइर’ या अरबी शब्दावरून आले. त्याचा अर्थ बेटे. अल्जीअर्सच्या किनाऱ्यालगत काही खडकाळ बेटे होती; त्यांवरून शहराला आणि शहरावरून देशाला ते नाव पडले. त्याच ‘जझीरा’ शब्दाचे कोकणातील रूप म्हणजे मुरूडचा जंजिरा. अल्जीअर्सच्या जुन्या वस्तीला ‘कसबा’ म्हणतात, आणि पुण्याची कसबा पेठ काय किंवा महाराष्ट्रातील गावोगावचे कसबे काय, सारी त्याच अरबी शब्दाची लेकरे. चवरी उगारणाऱ्या राज्यकर्त्याची पदवी ‘डे’ अशी होती. ती मूळच्या तुर्की ‘दायी’ या शब्दावरून आली, आणि त्याचा अर्थ आहे मामा. अशी माहिती पुरवण्यांत सहसा येत नाही. तिने जवळीक उत्पन्न होते. मनोरंजनाला अंतर लागते.

चवरीची गोष्ट अशी सांगतात. एप्रिल १८२७ मध्ये डे हुसेन याने फ्रेंच वकील पिएर देव्हाल याला भर भेटीत चवरीने फटकावले. फ्रान्सच्या इभ्रतीला धक्का लागला. फ्रान्सने तीन वर्षे बंदराची नाकेबंदी केली, जून १८३० मध्ये सुमारे ३७ हजार सैन्य सिदी फ्रेजच्या किनाऱ्यावर उतरविले आणि ५ जुलैला अल्जीअर्स घेतले. फ्रान्समधील शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी हीच गोष्ट पाठ केली. गोष्टीतील डे रागीट, गोष्टीतील वकील बिचारा.

डे रागावला होता कशासाठी? उधारीसाठी. १७९० नंतरच्या दशकात युरोपातील राजेशाह्यांनी क्रांतिकारक फ्रान्सला चहूबाजूंनी घेरले असता फ्रेंच सैन्याला आणि दक्षिण फ्रान्सच्या जनतेला जो गहू मिळत होता, त्यातील मोठा वाटा अल्जेरियाचा होता. हा व्यापार अल्जीअर्समधील बाक्री आणि बुस्नाक या ज्यू व्यापारी घराण्यांच्या हातून चाले, आणि माल उधारीवर जाई. क्रांती ओसरली, नेपोलियन आला, नेपोलियन गेला, बूर्बाँ राजे गादीवर परतले. गव्हाचे पैसे तेवढे परतले नाहीत. १८१९ च्या सुमारास फ्रेंच सरकारने ७० लाख फ्रँकांचे देणे कबूल केले. परंतु बाक्रीच्या फ्रान्समधील सावकारांनी त्या रकमेवर आपापले हक्क सांगितले, पैसे पॅरिसमध्येच अडकले, आणि डेचे स्वतःचे जे येणे या व्यापाऱ्यांकडे होते ते बुडाले. राजाला लिहिलेल्या पत्रांचे उत्तर का येत नाही, असे त्याने देव्हालला विचारले. उत्तर उर्मट मिळाले. मग चवरी उठली.

म्हणजे ज्या क्रांतीने ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे शब्द जगाला दिले, तिच्या शिपायांच्या पोटात अल्जेरियाची भाकर होती. आणि त्या भाकरीचे पैसे मागितल्याबद्दल अल्जेरियाला एकशे बत्तीस वर्षांची गुलामी मिळाली. अल्जीअर्स पडल्यावर किल्ल्यातील खजिना फ्रेंचांच्या हाती लागला. मोहिमेच्या खर्चाशी बरोबरी करील एवढा ऐवज त्यात निघाला. धनकोच्या घरावर दरोडा घालून ऋणकोने दरोड्याचा खर्चही धनकोकडूनच वसूल केला, असे हे व्यवहारचातुर्य!

उधारी हे स्वारीचे एकमेव कारण होते असे मात्र म्हणता येणार नाही. तसे म्हणणे ही उलट्या बाजूची मनोरंजक माहिती होईल. दहाव्या चार्ल्सचे सिंहासन डळमळत होते. परदेशातील विजयाने घरचा असंतोष दबेल अशी त्याच्या मंत्र्यांना आशा होती. मार्सेयच्या व्यापाऱ्यांना भूमध्य समुद्राचा दक्षिण किनारा हवा होता. अल्जीअर्स पडल्यानंतर महिना उलटायच्या आत पॅरिसच्या जनतेने रस्त्यावर उतरून चार्ल्सला पळवून लावले. राजा गेला, वसाहत राहिली. पुढे गादीवर आलेल्या एकाही राजवटीला, मग ती राजाची असो, सम्राटाची असो वा प्रजासत्ताकाची, ती परत द्यावीशी वाटली नाही.

मद्याची नवलकथाही अशीच. ज्या देशातील बहुसंख्य लोकांना धर्माने दारू वर्ज्य आहे तो देश जगातील सर्वात मोठा मद्यनिर्यातदार कसा झाला, असे आश्चर्य व्यक्त केले जाते. हे मद्य अल्जेरियन जनतेने पिण्यासाठी काढले नाही आणि विकलेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. तेव्हा गोऱ्या वसाहतवाल्यांनी अल्जेरियाच्या सुपीक पट्ट्यांत द्राक्षवेली लावल्या. १९३० नंतरच्या दशकात हे क्षेत्र सुमारे ४ लाख हेक्टरांवर गेले. तिकडचे कडक मद्य फ्रान्सच्या पातळ मद्यात मिसळून त्याला चव आणि जोर आणीत. गव्हाच्या जमिनीवर द्राक्षे आली, आणि जमिनीचा धनी त्याच जमिनीवर रोजंदारीने द्राक्षे तोडू लागला. एकेकाळी फ्रान्सला पोसणाऱ्या देशात कष्टकऱ्यांच्या घरी धान्य पुरेनासे झाले. १९५४ साली मुक्तियुद्ध सुरू झाले तेव्हा सुमारे ८४ लाख मुस्लिम अल्जेरियनांच्या देशात जेमतेम १० लाख युरोपियनांच्या हाती २५ लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती, आणि ती उत्तमातील उत्तम होती.

ही जमीन आली कोठून? काही भाग १८७३ च्या कायद्याने आला. सामाईक मालकीच्या जमिनी त्या कायद्याने तुकड्यातुकड्यांत विक्रीयोग्य झाल्या. काही भाग तर उघड दंडाचा होता. १८७१ च्या मार्चमध्ये मोक्रानी या सरदाराच्या नेतृत्वाखाली कबाइली मुलखात मोठे बंड उसळले. त्याच महिन्यात पॅरिसमध्ये कम्यूनची घोषणा झाली. मोक्रानी ५ मे रोजी रणांगणावर पडला, कम्यून २८ मे रोजी रक्तात बुडविले गेले. दोन्ही बंडे चिरडणारे सरकार एकच होते. बंडखोर टोळ्यांवर कोट्यवधी फ्रँकांचा दंड बसला आणि चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन जप्त झाली. बंडाच्या पुढाऱ्यांना प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. कम्यूनच्या कैद्यांनाही तेथेच धाडण्यात आले.

हा योगायोग एखाद्या मनोरंजक सदरात शोभेल. पण त्याच्या पुढचे पान असे आहे की १८७८ साली त्या बेटाचे मूळ रहिवासी कनाक लोक फ्रेंचांविरुद्ध उठले, तेव्हा कम्यूनचे बहुतेक कैदी सरकारच्या बाजूने उभे राहिले. पॅरिसमध्ये ज्यांनी त्याच सरकारच्या गोळ्या झेलल्या होत्या, त्यांना कनाक ‘रानटी’ वाटले. कनाकांची बाजू घेणाऱ्या मोजक्या कैद्यांत लुईझ मिशेल होती. कबाइली कैद्यांनाही तिने अंतर दिले नाही. आयुष्याच्या अगदी अखेरीस, १९०४ साली, ती अल्जेरियात व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेली, आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत मार्सेय येथे वारली.

कार्ल मार्क्सने आपली दाढी अल्जीअर्समध्ये उतरविली, ही गंमत पक्षाच्या अभ्यासवर्गांतही ऐकू येते. पत्नीच्या मृत्यूनंतर खचलेला आणि छातीच्या विकाराने जर्जर झालेला मार्क्स फेब्रुवारी १८८२ मध्ये उबदार हवेसाठी तेथे गेला. हवा नेमकी थंड व पावसाळी निघाली. एप्रिलच्या अखेरीस त्याने शेवटचे छायाचित्र काढून घेतले आणि मग न्हाव्याकडे जाऊन दाढी व डोईचे केस काढून टाकले. दाढीवाला मार्क्सच आज जगभरच्या भिंतींवर आहे. अभ्यासवर्गांत त्याच्या जोडीला सहसा जे सांगितले जात नाही, ते एंगल्सविषयी आहे. अमीर अब्दुल कादिरने पंधरा वर्षे फ्रेंचांशी झुंज देऊन डिसेंबर १८४७ मध्ये शस्त्र खाली ठेवले, तेव्हा जानेवारी १८४८ मध्ये तरुण एंगल्सने एका इंग्रज कामगार-पत्रात त्या घटनेचे स्वागत केले. वाळवंटी टोळ्यांवर आधुनिक भांडवलदारांचा विजय त्याला प्रगतीचे पाऊल वाटला. दहा वर्षांच्या आत त्याच एंगल्सने एका अमेरिकन विश्वकोशासाठी अल्जेरियावर टिपण लिहिले, आणि त्यात फ्रेंच राजवटीच्या अखंड रक्तपाताची व क्रौर्याची संभावना स्पष्ट शब्दांत केली. पहिला लेख लपवून दुसराच दाखविला तर एंगल्स मोठा होत नाही. त्याने आपले मत बदलले, एवढी साधी गोष्ट मात्र वाचकाच्या हातून निसटते.

आता त्या रकमांकडे.

८ मे १९४५. हिटलरच्या पराभवाचा आनंद साजरा करण्यासाठी अल्जेरियातील सेतीफ शहरात मिरवणूक निघाली. अल्जेरियाचे निशाण धरणाऱ्या एका तरुणाला पोलिसांनी गोळी घातली. दंगल उसळली, सुमारे शंभर युरोपियन मारले गेले, आणि पुढील काही आठवड्यांत सेतीफ, गेल्मा व खेराता या भागांत लष्कर, आरमार, विमानदळ आणि गोऱ्या नागरिकांच्या सशस्त्र टोळ्यांनी हजारो अल्जेरियनांची कत्तल केली. अल्जेरियन राष्ट्र हा आकडा ४५ हजार मानते. इतिहासकारांचे अंदाज त्याहून कमी आहेत, पण हजारोंच्या खाली कोणी जात नाही. त्या वेळी फ्रान्सच्या संयुक्त मंत्रिमंडळात कम्युनिस्ट मंत्री होते, आणि हवाई खाते शार्ल तियाँ या कम्युनिस्टाकडे होते. बाँबफेकीचा हुकूम त्याच्या सहीने सुटला की नाही, हा वाद बाजूला ठेवता येईल. फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने मात्र उठाव करणाऱ्यांना हिटलरचे हस्तक ठरवून त्यांना शिक्षा करण्याची मागणी केली, याबद्दल वाद नाही.

१२ मार्च १९५६. मुक्तियुद्धाला सव्वा वर्ष झाले होते. अल्जेरियात शांतता आणण्याचे आश्वासन देऊन निवडून आलेला समाजवादी पंतप्रधान गी मोले फेब्रुवारीत अल्जीअर्सला गेला, तेथील गोऱ्यांनी त्याच्यावर टोमॅटो फेकले, आणि तो मत बदलून परतला. (टोमॅटोंची हकिगतही मनोरंजक सदरांना आवडते.) त्याने संसदेकडे अल्जेरियासाठी विशेषाधिकार मागितले. ते ४५५ विरुद्ध ७६ मतांनी मिळाले. त्या ४५५ मध्ये सुमारे दीडशे कम्युनिस्ट सदस्यांची मते होती. समाजवाद्यांशी एकजूट टिकली पाहिजे, सरकार उजवीकडे ढकलले जाता कामा नये, असा युक्तिवाद करण्यात आला. संसदीय गणित म्हणून तो तर्कशुद्ध होता. अल्जेरियातील खेड्यात त्याचा अर्थ काय होणार होता, हे गणित मांडणाऱ्यांनी विचारात घेतले नाही.

अर्थ लवकरच कळला. विशेषाधिकारांखाली निघालेल्या वटहुकुमांनी लष्करी न्यायालयांना झटपट खटले चालविण्याची मुभा मिळाली. फ्रान्समधून राखीव शिपाई बोलावून सैन्यसंख्या लाखोंनी वाढविण्यात आली. जानेवारी १९५७ मध्ये अल्जीअर्सचे पोलीस अधिकार जनरल मासूच्या छत्रीधारी सैनिकांकडे गेले. विजेचे धक्के, पाण्याचा छळ आणि ‘बेपत्ता’ होणे हा शहराचा नित्यक्रम झाला. फेर्नाँ इव्हतों हा अल्जीअर्सच्या गॅस कारखान्यातील कातारी-कामगार आणि कम्युनिस्ट. कामगार घरी गेल्यानंतर उडेल असा बाँब त्याने कारखान्यात ठेवला. तो उडण्यापूर्वीच सापडला. कोणाला ओरखडाही आला नाही. लष्करी न्यायालयाने दहा-बारा दिवसांत त्याला मृत्युदंड दिला, न्यायमंत्री फ्रान्स्वा मितराँ याने दयेविरुद्ध अभिप्राय दिला, आणि ११ फेब्रुवारी १९५७ च्या पहाटे दोन अल्जेरियन देशभक्तांबरोबर त्याचे शिर गिलोटिनखाली उडविण्यात आले. ज्या अधिकारांना कम्युनिस्ट सदस्यांनी मते दिली, त्याच अधिकारांनी एका कम्युनिस्टाला वधस्तंभाकडे नेले.

जूनमध्ये मोरिस ओदँ या पंचवीस वर्षांच्या गणितज्ञाला छत्रीधाऱ्यांनी घरातून उचलले. तोही अल्जेरियन कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. तो पळून गेला, असे लष्कराने सांगितले. डिसेंबरमध्ये पॅरिसच्या विद्यापीठात त्याच्या प्रबंधाची परीक्षा त्याच्या गैरहजेरीत झाली. परीक्षकांनी रिकाम्या जागेला डॉक्टर ही पदवी दिली. ओदँच्या अटकेनंतर दुसऱ्याच दिवशी ‘अल्जे रेपुब्लिकॅं’ या दैनिकाचा संपादक आंरी अलेग पकडला गेला. त्याने आपल्या छळाची हकिगत लिहून तुरुंगाबाहेर धाडली. १९५८ साली ती पुस्तकरूपाने निघाली आणि फ्रेंच सरकारने जप्त केली. ओदँचा मृत्यू सरकारी यंत्रणेने चालविलेल्या छळातून झाला, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने १३ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच्या विधवेच्या घरी जाऊन कबूल केले. त्याला एकसष्ट वर्षे लागली.

अल्जेरियाविषयी बोलताना इव्हतों, ओदँ आणि अलेग यांची नावे अभिमानाने घ्यायची आणि १२ मार्चच्या मतदानाची तारीख गाळायची, अशी एक रीत पडून गेली आहे. जुने उकरून काढल्याने शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, असे तिचे समर्थन केले जाते. हे समर्थन टिकत नाही. मार्टिनिकचा कवी आणि कम्युनिस्ट संसदसदस्य एमे सेझेर याने ऑक्टोबर १९५६ मध्ये पक्षाचा राजीनामा दिला, तेव्हा त्याच्या जाहीर पत्रात अल्जेरियाविषयीच्या त्या मताचाही हिशेब होता. कोलीत तेव्हाच शत्रूच्या नव्हे, मित्राच्या हातून पडले. त्याच वर्षी आल्बाँ लिएश्ती या तरुण कम्युनिस्ट शिपायाने अल्जेरियन जनतेविरुद्ध शस्त्र धरण्यास नकार देऊन तुरुंगवास पत्करला. पक्षाने प्रारंभी त्याच्यापासून अंतरच राखले. पुढे अल्जेरियातील दहशतखोर गोऱ्या संघटनेविरुद्ध ८ फेब्रुवारी १९६२ रोजी पॅरिसमध्ये निघालेल्या मोर्चावर पोलीस तुटून पडले आणि शारोन भुयारी स्थानकापाशी नऊ कामगार ठार झाले. त्यांतील आठ कम्युनिस्ट होते. हे नऊ मृत्यू जमेच्या बाजूला येतात. ते १९५६ ची रक्कम पुसून टाकत नाहीत, आणि १९५६ ची रक्कम त्यांना पुसत नाही.

भांडवलदारी इतिहासकारांना येथे नाक वर करण्याचे कारण नाही. त्यांच्या राज्याने तर या युद्धाला युद्ध म्हणायलाच १९९९ साल उजाडू दिले. तोपर्यंत फ्रान्सच्या कायद्यात ती ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ होती. सात वर्षे, लाखो सैनिक, लाखो मृत, आणि शब्द काय तर सुव्यवस्था! एकोणिसाव्या शतकात याच जातीचा शब्द ‘शांतता-प्रस्थापना’ असा होता. जून १८४५ मध्ये कर्नल पेलिसिए याने दाहरा डोंगराच्या गुहांत आश्रयाला गेलेल्या एका जमातीला गुहेच्या तोंडाशी आगी पेटवून बायका-मुलांसकट शेकड्यांनी गुदमरून मारले, ती शांतता-प्रस्थापनाच. तो पुढे मार्शल झाला आणि अल्जेरियाचा गव्हर्नर-जनरलही. १८४९ साली झातशा या मरूद्यानाने वेढा सोसून झुंज दिली. तिचा पुढारी शेख बूझियान याचे शिर कापून मिरविण्यात आले आणि अखेर पॅरिसच्या संग्रहालयात ‘वैज्ञानिक नमुना’ म्हणून खोक्यात पडून राहिले. जुलै २०२० मध्ये अशा २४ कवट्या अल्जीअर्सला पोहोचल्या आणि स्वातंत्र्यदिनी, ५ जुलैला, दफन झाल्या. त्यांतील कित्येकींची ओळख संशयास्पद असल्याचे पुढे २०२२ मध्ये उघड झाले. शिवाय फ्रेंच कायद्यानुसार त्या परत दिलेल्याच नव्हत्या, मुदतीवर उसन्या दिलेल्या होत्या. गव्हाची उधारी बुडविणाऱ्यांनी माणसांची डोकी उसनी दिली.

या राज्याच्या संसदेने २३ फेब्रुवारी २००५ रोजी एक कायदा करून, विशेषतः उत्तर आफ्रिकेतील फ्रेंच वास्तव्याची ‘सकारात्मक भूमिका’ शालेय अभ्यासक्रमांनी मान्य करावी, असे फर्मावले. ओरड इतकी झाली की दुसऱ्या वर्षी ते कलम मागे घ्यावे लागले. भारतात रेल्वे आणि तारायंत्रे यांचे गोडवे ऐकत वाढलेल्या वाचकाला ही भूमिका नवी वाटणार नाही.

‘चार-पंचमांश वाळवंट’ या निरुपद्रवी आकड्याचाही उपयोग झाला. वाळवंट म्हणजे रिकामी जागा, असे ठरवून फ्रान्सने १३ फेब्रुवारी १९६० रोजी रेगानजवळ आपला पहिला अणुबाँब उडविला. १९६६ पर्यंत सहारात एकूण १७ स्फोट झाले, चार उघड्यावर आणि तेरा भूमिगत. त्यांतील अकरा १९६२ च्या स्वातंत्र्यानंतरचे, इव्हियां करारान्वये झालेले. म्हणजे स्वातंत्र्याच्या तहात ही मोकळीक मान्य करून घेण्यात आली, आणि ती मान्य करणाऱ्यांत अल्जेरियन नेतेही होते. १ मे १९६२ रोजी एक भूमिगत स्फोट डोंगर फोडून बाहेर आला आणि किरणोत्सर्गी ढग पसरला. पाहायला आलेले फ्रेंच मंत्रीच पळत सुटले. त्या प्रदेशात राहणाऱ्या तुआरेग गुराख्यांना पळा असे सांगायला कोणी नव्हते. रिकाम्या जागेत माणसे होती.

स्वतंत्र अल्जेरियाचा हिशेबही दोन बाजूंचा आहे. २४ फेब्रुवारी १९७१ रोजी बूमेदियेन सरकारने फ्रेंच तेल कंपन्यांचे ५१ टक्के भाग आणि सर्व नैसर्गिक वायू राष्ट्राच्या मालकीचा केला. तो दिवस अल्जेरियन कामगार महासंघाच्या स्थापनेचा वर्धापनदिन म्हणून मुद्दाम निवडला होता. सप्टेंबर १९७३ मध्ये अलिप्त राष्ट्रांची परिषद अल्जीअर्सला भरली, आणि कच्च्या मालाचा भाव विकणाऱ्याने ठरवावा, हा विचार तेथून संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेला. हे सारे ऐतिहासिक महत्त्वाचे होते. पण अल्जेरियन कम्युनिस्ट पक्षावर स्वातंत्र्यानंतर पाच महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १९६२ मध्ये, बंदी आली होती, आणि १९६५ साली बूमेदियेनने सत्ता हाती घेतल्यावर पक्षाचा नेता बशीर हाज अली याचा तुरुंगात छळ झाला. त्याने ती हकिगत बाहेर धाडली, जशी अलेगने फ्रेंचांच्या तुरुंगातून धाडली होती. द्राक्षमळ्यांचे उदाहरण तर सर्वांनाच अडचणीचे आहे. फ्रान्सने मद्याची खरेदी आखडती घेतल्यावर १९६९ पासून सोव्हिएत संघ ते घेऊ लागला, पण फ्रान्सपेक्षा कमी भावाने.

तेलाचे भाव १९८६ मध्ये कोसळले, आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये महागाईने व बेकारीने पिचलेले तरुण रस्त्यावर आले तेव्हा मुक्तिसेनेच्या वारसदार लष्कराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शेकडो मेले. त्यानंतरचे दशक धर्मांध टोळ्या आणि लष्कर यांच्या चिमट्यात गेले. लाखाहून अधिक माणसे गेली, त्यांत डावे कार्यकर्ते, पत्रकार आणि नाटककार पुष्कळ. २२ फेब्रुवारी २०१९ पासून दर शुक्रवारी लाखोंचे मोर्चे निघू लागले आणि २ एप्रिल रोजी वीस वर्षे सत्तेवर असलेल्या बूतेफ्लिकाला राजीनामा द्यावा लागला.

अल्जीअर्समध्ये हे मोर्चे ज्या चौकांत जमत, त्यांपैकी एक विद्यापीठाजवळ आहे. त्याला मोरिस ओदँचे नाव आहे. ज्या पक्षाचा तो सभासद होता त्या पक्षावर बंदी घालणाऱ्या राज्यानेच ते नाव दिले, आणि त्याच राज्याचे पोलीस त्या शुक्रवारी चौकाच्या तोंडाशी गाड्या आडव्या लावून उभे असत.